खनिजांचा पारखी : जेम्स स्मिथसन

घरातील पितळेचा तांब्या, छपरावरील पांढरट पत्रा, विजेरीत घालावयाच्या साध्या सेलचे कवच या सर्व वस्तूंमध्ये एक धातू समान असतो. तो म्हणजे जस्त. पितळेत तो तांब्याबरोबर एकजीव झालेला असतो, तर पत्र्यावर त्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. निसर्गात मात्र जस्त धातूच्या रूपात सहसा सापडत नाही. गंधक, कार्बन, ऑक्सिजन, सिलिका अशा पदार्थांशी संयोग पावून ते खनिजांच्या रूपाने जमिनीत दडलेले असते. या खनिजांपैकी काही दिसायला इतकी सारखी असतात, की खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसांनाही ती वेगळी ओळखता येत नसत. युरोपात अनेक शतके अशा सर्व दगडांना कॅलामाइन हे एकच नाव होते. त्या एका नावाखाली निरनिराळी खनिजे लपलेली आहेत, हे १८०२ साली प्रयोगाने सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे जेम्स स्मिथसन. पुढे आपली सर्व संपत्ती ज्ञानाच्या कामासाठी देणारे दाते म्हणून ते जगाला परिचित झाले. त्यांच्यातील दात्याची ओळख करून घेताना त्यांच्यातील शास्त्रज्ञाचा विसर पडू नये.

स्मिथसन यांचा जन्म १७६५ च्या सुमारास फ्रान्समधील पॅरिस शहरात झाला. त्यांची आई एलिझाबेथ मेसी ही इंग्लंडमधील एक धनवान विधवा होती. वडील ह्यू पर्सी हे नॉर्थंबरलंडचे ड्यूक, म्हणजे इंग्लंडमधील अत्यंत प्रतिष्ठित सरदारांपैकी एक होते. ड्यूक विवाहित होते आणि त्यांची पत्नी दुसरी होती. त्यामुळे हे मूल समाजाच्या आणि कायद्याच्या दृष्टीने अनौरस ठरले. वडिलांनी त्याला आपला मुलगा म्हणून कधीही जाहीरपणे स्वीकारले नाही. मुलाला आईचे आडनाव मिळाले आणि जॅक लुई मेसी या फ्रेंच नावाने त्याच्या आयुष्याला सुरुवात झाली. पुढे इंग्लंडमध्ये ते जेम्स लुईस मेसी या नावाने ओळखले जाऊ लागले.

परदेशात जन्म झाल्यामुळे त्यांना इंग्लंडचे नागरिकत्व आपोआप मिळाले नव्हते. ते सुमारे नऊ-दहा वर्षांचे असताना ते कायदेशीर मार्गाने मिळाले. पण त्याबरोबर काही बंधनेही आली. सरकारी पद, पार्लमेंटमधील जागा, राजाकडून मिळणारी जमीन यांपैकी कशावरही त्यांना हक्क सांगता येणार नव्हता. आईच्या घराण्यामुळे त्यांना पैशाची उणीव कधी भासली नाही. परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणसाची किंमत त्याच्या कुळावरून ठरत असे आणि ती वाट त्यांच्यासाठी जन्मतःच बंद झाली होती. ज्या क्षेत्रात कुळापेक्षा कामाला महत्त्व असते, असे एक क्षेत्र त्यांना लवकरच सापडले. ते म्हणजे विज्ञान.

१७८२ साली त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातील पेम्ब्रोक कॉलेजात प्रवेश घेतला. तो काळ रसायनशास्त्राच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा होता. इंग्लंडमध्ये प्रीस्टली आणि कॅव्हेंडिश, तर फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांच्या प्रयोगांमुळे हवा, पाणी आणि ज्वलन यांविषयीच्या जुन्या कल्पना कोसळत होत्या. तरुण मेसी या नव्या शास्त्राकडे ओढले गेले. खनिजे गोळा करण्याचा छंदही त्यांना याच काळात जडला. १७८४ साली काही विद्वानांबरोबर ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडील स्टाफा बेटावर गेले. फ्रान्सचे भूवैज्ञानिक फोजा द सँ-फाँ हे त्या सफरीचे प्रमुख होते. काळ्या पाषाणाच्या षट्कोनी खांबांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बेटावर समुद्र पार करून पोहोचणे सोपे नव्हते. त्या वेळी मेसी यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. १७८६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि १७८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. सोसायटीच्या तेव्हाच्या अगदी तरुण सदस्यांत त्यांची गणना होत होती. ज्यांना समाजात जन्माचा डाग लागला होता, त्यांना देशातील सर्वांत मोठ्या विद्वत्सभेने बरोबरीचे स्थान दिले.

स्मिथसन यांच्या कामाची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण होती. अत्यंत थोड्या पदार्थावर अत्यंत काटेकोर प्रयोग करण्यात त्यांचा हातखंडा होता. दिव्याची ज्योत फुंकनळीने खड्याच्या बारीक कणावर सोडून तो वितळतो की नाही, त्याचा रंग बदलतो की नाही, त्यातून वायू बाहेर पडतो की नाही, याचे ते बारकाईने निरीक्षण करीत. त्यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. एका स्त्रीच्या गालावरून ओघळणारा अश्रू त्यांनी काचपात्रात टिपण्याचा प्रयत्न केला. अर्धा थेंब निसटला, पण उरलेल्या अर्ध्या थेंबात कोणते क्षार आहेत, हे त्यांनी शोधून काढले. मोहरीएवढ्या कणातूनही निसर्गाचे नियम कळू शकतात, यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांच्या पहिल्या शोधनिबंधाचा विषय भारताशी निगडित होता. बांबूच्या पेरांत कधीकधी पांढरा, खड्यासारखा पदार्थ तयार होतो. त्याला वंशलोचन म्हणतात. आयुर्वेदात आणि युनानी वैद्यकात त्याचा औषध म्हणून फार पूर्वीपासून उपयोग होत आला आहे. खोकल्यावरील सितोपलादी चूर्णातही वंशलोचन असते. भारतात राहिलेले स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी या पदार्थाकडे रॉयल सोसायटीचे लक्ष वेधले आणि त्याच्या परीक्षणाचे काम मेसी यांच्याकडे आले. त्यांनी वंशलोचन पाण्यात टाकून पाहिले, तापवून पाहिले, निरनिराळ्या आम्लांत व क्षारांत विरघळवून पाहिले. १७९१ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. वंशलोचन मुख्यतः सिलिकाचे बनलेले असते, म्हणजे जो पदार्थ गारगोटीत असतो तोच बांबूच्या पेरांतही असतो. दगडातील द्रव्य जिवंत वनस्पतीत सापडावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. सिलिकाशी जडलेला त्यांचा हा परिचय पुढे जस्ताच्या खनिजाचे कोडे सोडवताना उपयोगी पडला.

त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी युरोपात प्रवास करण्यात घालवली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली ते पॅरिसमध्ये होते. फ्रान्स, इटली आणि जर्मन राज्ये येथील खाणी, ज्वालामुखी आणि प्रयोगशाळा त्यांनी पाहिल्या. जेथे जातील तेथून ते खनिजांचे नमुने गोळा करीत. १८०० साली त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी मेसी हे आडनाव सोडून स्मिथसन हे आडनाव कायदेशीररीत्या धारण केले. ड्यूकच्या घराण्याचे पर्सी हे आडनाव त्यांच्या वडिलांना विवाहामुळे मिळालेले होते. त्यांचे मूळ आडनाव स्मिथसन असे होते. वडील हयात असताना जे नाव त्यांना मिळाले नाही, ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतः घेतले. त्याच नावाने पुढे त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

तो निबंध कॅलामाइनविषयी होता. त्याचे महत्त्व कळण्यासाठी जस्ताचा एक विशेष गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. जस्ताचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवले, की धातू वेगळा होतो. परंतु त्यासाठी लागणारी उष्णता एवढी असते, की जस्त वितळून थांबत नाही, त्याची वाफच होते. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. ही वाफ हवेत गेली की तिची पुन्हा पांढरी राख होते आणि हाती काहीच उरत नाही. वाफ बंद भांड्यात धरून थंड करण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांना युरोपच्या कितीतरी आधी साधली होती. तेथे मातीच्या मुशींचे प्रचंड ढीग आजही पाहावयास मिळतात. रसशास्त्राच्या ग्रंथांत रसक किंवा खर्पर या नावाने जस्ताच्या खनिजाचा आणि त्यापासून धातू काढण्याच्या कृतीचा उल्लेख आहे. युरोपात मात्र ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन यांनी १७३८ मध्ये अशा पद्धतीचे एकाधिकारपत्र मिळवले.

तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ युरोपातील कारागीर पितळ तयार करताना शुद्ध जस्त वापरतच नसत. तांब्याचे तुकडे, कोळशाची पूड आणि दळलेले कॅलामाइन हे सर्व एका मुशीत घालून ते तापवीत. जस्ताची वाफ होऊन ती तांब्यात शिरे आणि पितळ तयार होई. त्यामुळे कॅलामाइनला मोठी मागणी होती. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील मेंडिप टेकड्यांत आणि डर्बीशरमध्ये ते खणून काढले जाई. परंतु कॅलामाइन म्हणजे नेमके काय, याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. फ्रान्सचे स्फटिकशास्त्रज्ञ रने-झ्यूस्त आवी यांचा त्या काळी फार मोठा दबदबा होता. सर्व कॅलामाइन एकाच जातीचे असून त्यात जस्ताचे ऑक्साइड असते. काही नमुन्यांवर आम्ल टाकल्यावर बुडबुडे येतात ते केवळ त्यांत मिसळलेल्या चुनखडीमुळे, असे त्यांचे मत होते.

स्मिथसन यांनी हे मत तसेच न स्वीकारता नमुने तपासून पाहिले. मेंडिप टेकड्यांतील, डर्बीशरमधील, ऑस्ट्रियातील ब्लायबर्ग येथील आणि त्या वेळच्या हंगेरीतील रेझबान्या येथील कॅलामाइन त्यांनी मिळवले. रेझबान्या हे ठिकाण आज रुमानियात आहे. प्रत्येक नमुन्याचे त्यांनी वजन केले, तो तापवला, पुन्हा वजन केले, आम्लात विरघळवला आणि त्यातून निघणारा प्रत्येक घटक वेगळा करून मोजला.

मेंडिप आणि डर्बीशर येथील दगडांतून आम्लामुळे भरपूर बुडबुडे निघाले. चुनखडीचा अंश नसतानाही ते निघत होते, म्हणजे वायू जस्ताच्या संयुगातूनच येत होता. शंभर भाग दगडात सुमारे पस्तीस भाग कार्बन डायऑक्साइड वायू आणि पासष्ट भाग जस्ताचे ऑक्साइड आहे, असे मोजमापातून निघाले. हे खनिज जस्ताचे कार्बोनेट होते. आजच्या प्रयोगशाळेत काढलेले प्रमाणही जवळजवळ एवढेच आहे. ब्लायबर्गच्या नमुन्यात कार्बोनेटबरोबर पाण्याचाही अंश होता, म्हणून तो वेगळा ठरला. रेझबान्याचा नमुना मात्र या सर्वांपेक्षा निराळा निघाला. त्यातून वायूचे बुडबुडे आलेच नाहीत. तीव्र आम्लात तो विरघळला आणि द्रावण हळूहळू खळीसारखे घट्ट होत गेले. सिलिका असलेल्या काही खनिजांच्या बाबतीत असे घडते. मोजमाप केल्यावर त्या दगडात दोन-तृतीयांशाहून थोडे अधिक जस्ताचे ऑक्साइड आणि सुमारे एक-चतुर्थांश सिलिका असल्याचे आढळले. थोडे पाणीही होते. वंशलोचनात आढळलेली सिलिका येथे जस्ताशी संयोग पावून बसली होती. हे खनिज जस्ताचे सिलिकेट होते.

या सिलिकेटचा आणखी एक गुण त्या काळी कुतूहलाचा विषय झाला होता. त्याचा स्फटिक तापवला की त्याच्या दोन टोकांवर परस्परविरुद्ध विद्युतभार निर्माण होतो आणि तो राखेचे बारीक कण ओढून घेतो. म्हणून त्याला विद्युत कॅलामाइन म्हणत. या गुणाचे मूळ स्फटिकाच्या रचनेत आहे. त्याचे एक टोक बोथट आणि दुसरे अणकुचीदार असते, म्हणजे स्फटिकाची दोन टोके एकमेकांसारखी नसतात. याच अर्ध्या सारखेपणावरून १८५३ मध्ये गुस्टाफ केनगॉट यांनी या खनिजाला हेमिमॉर्फाइट असे नाव दिले. त्यात साडेसदुसष्ट टक्के जस्ताचे ऑक्साइड, पंचवीस टक्के सिलिका आणि साडेसात टक्के पाणी असते. ते पाण्याच्या सुमारे साडेतीन पट जड असते, तर कार्बोनेट साधारण साडेचार पट जड भरते. हातात घेतलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या खड्यांत फरक ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

हेमिमॉर्फाइट जमिनीच्या पृष्ठभागाजवळ तयार होते. खोल खडकात जस्त बहुधा गंधकाशी संयोग पावलेले असते. पावसाचे पाणी आणि हवा तेथपर्यंत पोहोचली, की ते संयुग हळूहळू फुटते आणि जस्त पाण्यात उतरते. भोवती चुनखडी असेल तर कार्बोनेट तयार होते आणि सिलिका उपलब्ध असेल तर सिलिकेट तयार होते. म्हणूनच दोन्ही खनिजे एकाच खाणीत शेजारी शेजारी आढळतात आणि त्यांची गल्लत होते. मेक्सिकोतील मापिमी येथील ओहुएला खाण हेमिमॉर्फाइटच्या पंख्यासारख्या पसरलेल्या पारदर्शक स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे. चीनच्या युन्नान प्रांतात त्याचे आकाशी रंगाचे सुंदर नमुने सापडतात.

जस्ताचे आणखी एक सिलिकेट १८३० च्या सुमारास बेल्जियमच्या सीमेवरील मोरेस्ने येथील खाणीत ओळखले गेले. नेदरलँड्सचा राजा पहिला विलेम याच्या नावावरून त्याला विलेमाइट म्हणतात. त्यात पाण्याचा अंश नसतो. हे खनिज एरवी दुर्मीळ आहे. पण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या दोन ठिकाणी ते एवढे विपुल होते, की जस्त मिळवण्यासाठी ते खणले जाई. फ्रँकलिनची खाण १९५४ मध्ये आणि स्टर्लिंग हिलची १९८६ मध्ये बंद झाली. तेथील विलेमाइटवर अंधारात अतिनील किरण सोडले, की ते हिरव्या प्रकाशाने उजळून निघते.

स्मिथसन यांचा कॅलामाइनवरील निबंध नोव्हेंबर १८०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. आवी यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत त्यांनी वादाने नव्हे, तर तराजूने खोडले. त्या निबंधात त्यांनी आणखी एक विचार मांडला होता. एखाद्या संयुगातील घटकांची प्रमाणे मनमानी नसतात, ती साध्या अपूर्णांकांत बसतात, असे त्यांनी नमूद केले. त्याच वर्षांत जॉन डाल्टन यांचा अणुसिद्धांत आकार घेत होता. या काळात घटकांच्या निश्चित प्रमाणाकडे लक्ष वेधणाऱ्यांत स्मिथसन यांचाही समावेश होतो.

पुढे नेपोलियनच्या युद्धांनी सारा युरोप व्यापला. १८०७ साली स्मिथसन उत्तर युरोपात प्रवास करीत असताना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले गेले. पुढे हॅम्बुर्ग येथेही ते युद्धकैदी होते. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती आणि कैदेत ती अधिकच खालावली. त्यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे मदत मागितली. दोन्ही देशांत युद्ध चालू असतानाही बँक्स यांनी फ्रान्समधील शास्त्रज्ञांमार्फत प्रयत्न केले आणि १८०९ मध्ये त्यांची सुटका झाली. राजांची सैन्ये एकमेकांशी लढत होती, तरी शास्त्रज्ञांचे परस्परांशी असलेले नाते तुटले नव्हते. या अनुभवाचा अर्थ स्मिथसन यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो.

सुटकेनंतर ते पुन्हा आपल्या खनिजांकडे वळले. १८११ मध्ये झिओलाइट गटातील एका खनिजाचा अभ्यास करताना सिलिका ही आम्लासारखी वागते, असा विचार त्यांनी मांडला. सिलिका धातूंच्या ऑक्साइडांशी संयोग पावून निरनिराळी खनिजे बनवते, ही गोष्ट समजण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे पाऊल होते. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत विहिरी खणताना किंवा खडी फोडताना जे चमकदार झिओलाइट सापडतात, तीही सिलिकेटेच आहेत. स्मिथसन यांनी आयुष्यात एकूण सत्तावीस शोधनिबंध प्रसिद्ध केले. व्हेसुव्हियस ज्वालामुखीतील क्षार, फुलांचे रंग असे त्यांचे विषय होते. कॉफी अधिक चांगली कशी करावी आणि दिव्यात सुधारणा कशी करावी, यांवरही त्यांनी लिहिले. ज्ञानाचा कोणताही कण त्यांना क्षुल्लक वाटत नसे.

त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यातील बराच काळ त्यांनी पॅरिसमध्ये व्यतीत केला. ऑक्टोबर १८२६ मध्ये त्यांनी आपले मृत्युपत्र लिहिले. संपत्तीचे उत्पन्न पुतण्या हेन्री जेम्स हंगरफर्ड याला मिळावे आणि त्याच्या पश्चात संपत्ती त्याच्या मुलांना जावी, अशी त्यात व्यवस्था होती. ती मुले औरस असोत वा अनौरस, त्यांना सारखाच हक्क राहील, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. जे दुःख त्यांनी स्वतः आयुष्यभर सोसले, ते पुढच्या पिढीतील कोणाच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी त्या एका कलमात दिसते. पुतण्या निपुत्रिक मरण पावल्यास सर्व संपत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावी आणि तिच्यातून वॉशिंग्टन शहरात स्मिथसोनियन या नावाची संस्था उभारावी. त्या संस्थेने माणसामाणसांत ज्ञान वाढवावे आणि पसरवावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्या देशात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते, त्या देशाला त्यांनी आपली ठेव देऊ केली. त्याचे कारण त्यांनी मृत्युपत्रात दिलेले नाही.

२७ जून १८२९ रोजी इटलीतील जेनोआ येथे स्मिथसन यांचे निधन झाले आणि तेथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. सहा वर्षांनी, १८३५ मध्ये, पुतण्याही निपुत्रिक मरण पावला आणि मृत्युपत्रातील शेवटचे कलम अमलात आले. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये या देणगीवर मोठा वाद झाला. जॉन कॅल्हून यांच्यासारख्या सदस्यांनी परक्या माणसाचे दान घेण्यास विरोध केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी मात्र ते स्वीकारण्याचा आग्रह धरला. शेवटी १८३६ मध्ये देणगी स्वीकारण्याचा निर्णय झाला. लंडनच्या न्यायालयातील दावा जिंकून रिचर्ड रश १८३८ साली अमेरिकेत परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर १०५ थैल्यांत भरलेली १,०४,९६० सोन्याची नाणी होती. त्यांची किंमत पाच लाख डॉलरांहून अधिक झाली.

तरीही संस्था लगेच उभी राहिली नाही. त्या पैशाचे काय करावे, यावर आणखी आठ वर्षे वाद चालला. दरम्यान ती रक्कम राज्यांच्या कर्जरोख्यांत गुंतवली गेली आणि त्यांपैकी बहुतांश रोख्यांचे पैसे बुडाले. ती भरपाई सरकारने करावी, यासाठी अ‍ॅडम्स यांनी अथक झुंज दिली. १० ऑगस्ट १८४६ रोजी अध्यक्ष जेम्स पोल्क यांनी कायद्यावर सही केली आणि स्मिथसोनियन संस्थेची स्थापना झाली. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री हे तिचे पहिले सचिव झाले.

जानेवारी १८६५ मध्ये संस्थेच्या इमारतीला आग लागली. स्मिथसन यांनी आयुष्यभर जमवलेली हजारो खनिजे, त्यांची टिपणे आणि रोजनिश्या त्या आगीत भस्मसात झाल्या. त्यांचे ग्रंथ तेवढे बहुतांशी वाचले. १९०३ च्या अखेरीस आणखी एक संकट उभे राहिले. शेजारच्या दगडाच्या खाणीमुळे जेनोआची दफनभूमी हटवली जाणार होती. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तेथे गेले आणि जानेवारी १९०४ मध्ये स्मिथसन यांचे अवशेष त्यांनी अमेरिकेत आणले. वॉशिंग्टनमधील संस्थेच्या जुन्या इमारतीत ते ठेवण्यात आले आहेत. जिवंतपणी न पाहिलेल्या देशात ते मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी पोहोचले.

आज स्मिथसोनियन संस्थेची वीसहून अधिक संग्रहालये आहेत. वॉशिंग्टनमधील तिच्या संग्रहालयांत कोणालाही विनामूल्य प्रवेश मिळतो. तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात भारतातील गोवळकोंडा परिसरात सापडलेला होप हा निळा हिरा १९५८ पासून आहे. त्याच संग्रहालयात जगभरातील खनिजांचा मोठा संग्रह आहे. एका माणसाचा संग्रह जळाला, पण त्याच्या ठेवीतून त्याहून कितीतरी मोठा संग्रह साऱ्या जगासाठी उभा राहिला.

१८३२ मध्ये फ्रान्सचे खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ यांनी जस्ताच्या कार्बोनेटला स्मिथसोनाइट हे नाव दिले. ज्यांना वडिलांचे नाव उघडपणे लावता आले नाही, त्यांचे नाव आज एका खनिजाला आणि एका संस्थेला लाभले आहे. स्मिथसन यांनी कॅलामाइन या एका नावाखाली दडलेली निरनिराळी खनिजे तराजूवर तोलून वेगळी केली. वस्तूची खरी पारख तिच्या नावावरून होत नाही, ती तिच्या अंगच्या गुणांवरून होते, हे त्यांनी दगडांच्या बाबतीत सिद्ध केले आणि स्वतःच्या आयुष्यानेही दाखवून दिले. शिक्षणाची वाट ज्यांच्यासाठी उशिरा उघडली, त्यांना तर त्यांचे चरित्र विशेष आपले वाटावे. कारण कोणत्या घरात जन्म झाला हे न विचारता ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचावे, हीच त्यांची शेवटची इच्छा होती.